पाण्यात उभे खांब

पाण्यात खांब रोवून त्यांवर वसवलेली गावं जगात बरीच आहेत. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुलं, भाचे, जावई नोकरीसाठी आखातात किंवा त्याच्याही पलीकडे गेले आहेत, त्यांनी अशा गावांचे फोटो पाहिलेले असतील. आमचा एक भाचा काही वर्षं ब्रुनेईत होता. तिथून त्याने कांपोंग आयेरचे फोटो पाठवले होते. नदीच्या पात्रात हजारो खांब, त्यांवर लाकडी घरं, घराघरांना जोडणाऱ्या फळ्यांच्या वाटा, शाळा पाण्यावर, मशिदी पाण्यावर, इतकंच काय, आगीच्या बंबाचं ठाणंही पाण्यावर. १५२१ साली मॅगेलनच्या ताफ्यातला पिगाफेटा नावाचा इटालियन तिथे पोचला, तेव्हा पंचवीस हजार चुलींचं शहर खाऱ्या पाण्यात उभं असलेलं पाहून त्याने ते नोंदवून ठेवलं. काठावर १९५८ साली पुरी झालेली सोनेरी घुमटाची मोठी मशीद आहे. फोटोत तिचं प्रतिबिंब पाण्यात पडलेलं दिसतं आणि कुणीही म्हणावं, राहावं तर अशा ठिकाणी.

अशा गावांबद्दल बोलताना माणसं 'पारंपरिक' हा शब्द हटकून वापरतात. या शब्दाबद्दल आम्हाला थोडी शंका आहे. आफ्रिकेत बेनिन देशात गांव्हिये नावाचं गाव आहे, अख्खं तळ्यात, खांबांवर. त्या लोकांचे पूर्वज गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून जीव वाचवायला पाण्यात शिरले होते. आज तिथे पर्यटक नावेतून फिरतात आणि परंपरेचे फोटो काढतात. दक्षिण इराकच्या दलदलीत बोरूंची घरं बांधून राहणाऱ्या अरबांचं याच्या उलट झालं. ते पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर सुखाने राहत होते. १९९१ च्या बंडानंतर सद्दामच्या सरकारने ते पाणीच काढून नेलं आणि माणसं कोरड्या जमिनीवर निर्वासित झाली. २००३ मध्ये लोकांनी बांध फोडून पाणी परत आणलं आणि २०१६ साली युनेस्कोने ती दलदल जागतिक वारशाच्या यादीत घातली. तेव्हा पाण्यावरचं गाव दिसलं, की ते तिथे कसं आलं हे आधी विचारावं, फोटो मागाहून काढावा.

आता कुणी विचारेल, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात असं गाव आहे का? आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा. दक्षिणेला तापीकाठची सपाटी, उत्तरेला सातपुडा. आपल्या लोकांची वस्ती मुख्यतः सपाटीच्या गावांत आणि बाजारपेठांत. अक्कलकुवा म्हटलं, की आपल्या वाचकांना जामिया इशाअतुल उलूम आठवतं. देशभरातली मुलं तिथे शिकायला येतात, त्यांना सोडायला आलेले आईबाप तिथूनच परत फिरतात. त्याच तालुक्याच्या उत्तरेच्या हद्दीवर नर्मदा आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. नर्मदा महाराष्ट्राला जेमतेम ५४ किलोमीटर शिवून जाते आणि तेवढा सगळा काठ अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांत आहे. पुढे गुजरातेत केवडियाजवळ सरदार सरोवराचं धरण आहे. १९६१ साली पंडित नेहरूंनी पायाभरणी केली, १९७९ साली लवादाचा निवाडा आला आणि महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताच्या यादीत बसली. अक्कलकुव्यातली ९, अक्राणीतली २४. त्यांतलं मणिबेली सर्वांत आधी पाण्याला सामोरं गेलं. निवाड्याप्रमाणे धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. तो वाटा कुठे जळतो ते आम्हाला सांगता येणार नाही. ज्या घरी आम्ही गेलो तिथे छपरावर एक सौर तबकडी होती आणि तिच्यावर एक दिवा.

बरेच लोक उठून तळोदा तालुक्यातल्या आणि गुजरातेतल्या पुनर्वसन वसाहतींत गेले. तळोद्याला त्यासाठी ४,२०० हेक्टर जंगल मोकळं करण्यात आलं. पण सगळे गेले नाहीत. काहींना जमीन मिळाली नाही, काहींना मिळाली ती खडकाळ मिळाली, काहींची नावंच यादीत नव्हती आणि काहींना जायचंच नव्हतं. पाणी जसजसं चढलं तसतसे ते लोक डोंगर चढत गेले. डोंगराच्या खालच्या अंगाला पाणी, दोन्ही बाजूंच्या नाल्यांत पाणी, मधल्या सोंडेवर चार घरं. पावसाळा संपला, की अशा सोंडा बेटांसारख्या दिसतात. आमच्या जिल्ह्यातलं पाण्यावरचं गाव ते हे.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं नवरा-बायको आणि आमचे यावलचे एक मित्र, आडनाव तडवी, असे निघालो. तडवी सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचं आडनाव मुद्दाम सांगितलं, त्याचं कारण पुढे येईल. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावला पोचलो. धडगाव हे अक्राणी तालुक्याचं ठाणं. बाजारात आपल्या लोकांची पाच-दहा दुकानं आहेत : मीठ, तेल, बॅटरीचे सेल, नायलॉनची जाळी, पत्र्याच्या पेट्या. त्यांतल्या एका चाचांनी आमची सोय लावून दिली. नदीकाठचं निम्मं गिऱ्हाईक त्यांच्या उधारीच्या वहीत होतं. "तिकडे जाताय तर मीठ घेऊन जा," ते म्हणाले, "रिकाम्या हाताने जाऊ नका आणि बिस्किटं नेऊ नका, मीठ न्या." आम्ही दहा किलो मीठ घेतलं.

भूषा नावाच्या गावाला गाडीरस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. नदी असं म्हणवत नाही. नदीला दोन काठ असतात आणि प्रवाह असतो. इथे समोर पसरलेलं हिरवट पाणी होतं आणि त्यात बुडालेल्या झाडांचे शेंडे, वठलेले, पांढरे पडलेले. डिझेल इंजिनाच्या होडीत आम्ही बसलो. सोबत रेशनची पोती, एक बकरी, सुटीवरून आश्रमशाळेत निघालेली दोन मुलं, मोटारसायकलचं चाक आणि वीसेक माणसं. होडीला टेकायला कठडा नाही, जीवरक्षक जाकिटं नाहीत. २०१९ च्या संक्रांतीला याच भूषाजवळ होडी उलटून माणसं बुडाली होती. वर्तमानपत्रात तेव्हा चार दिवस बातम्या आल्या. होडीवाल्याला त्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "त्या दिवशी पण बाजार भरला असता तर लोक दुसऱ्या होडीत बसून गेलेच असते. दुसरा रस्ता कुठे आहे?"

होडीत चढणारा प्रत्येक जण आधीच्यांना उद्देशून एकच शब्द म्हणत होता : "जिंदाबाद." आम्हाला आधी वाटलं, कुठे मोर्चा आहे. मग कळलं, या खोऱ्यात रामरामाच्या जागी हाच शब्द चालतो. नर्मदा आंदोलनाच्या घोषणांतून तो रोजच्या बोलण्यात उतरला. आमच्या मोहल्ल्यातला हा फारसी शब्द. आमच्याकडे तो निवडणुकीत आणि क्रिकेटच्या मॅचला ओरडण्यापुरता उरला आहे, तोही हल्ली आजूबाजूला पाहून. इथे एक म्हातारी बाई बकरीची दोरी सांभाळत तो हळू आवाजात म्हणत होती, जसं आपण सलाम म्हणतो. आम्ही सवयीने "वालेकुम" म्हणणार होतो, ते "जिंदाबाद" म्हणालो.

होडीत तडवी सरांच्या आडनावाची गंमत झाली. कोण, कुठले, अशी चौकशी सुरू झाली. सरांनी आडनाव सांगितल्याबरोबर समोरचा एक तरुण सरसावून बसला. "तडवी? कुठले तडवी? मणिबेलीकडचे?" मणिबेली आणि गुजरातच्या हद्दीवरची बरीच कुटुंबं तडवी आहेत, त्याची मावशी तिकडे दिलेली होती. सर म्हणाले, "आम्ही यावल-रावेरकडचे. आम्ही मुसलमान तडवी. पण भिल्लच." जळगाव जिल्ह्याच्या सातपुड्यातले तडवी भिल्ल कित्येक पिढ्यांपूर्वी मुसलमान झाले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या तरुणाला मात्र ते नवीन होतं. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "म्हणजे तुमचं डोंगरावरचं गाव सुटलं नाही ना?" धर्म कधी बदलला, का बदलला, नमाज पढता का, यांतलं काहीच त्याने विचारलं नाही. सर म्हणाले, "नाही, डोंगर अजून आहे." "मग बरं आहे," तो म्हणाला. सरांना आयुष्यभर दोन्हीकडून दोन प्रश्न विचारले गेले आहेत : तुम्ही खरे आदिवासी आहात का, आणि तुम्ही खरे मुसलमान आहात का. असा तिसरा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला. पुढचा अर्धा तास ते गप्प होते.

होडीतच दवाखान्याचा विषय निघाला. या पाण्यावर सरकारचा तरंगता दवाखाना आहे, डॉक्टर बोटीतून येतात. कधी येतात यावर होडीत एकमत झालं नाही. रेलू वसावे यांचं नाव मात्र सगळ्यांना माहीत होतं. चिमलखेडीच्या या अंगणवाडी सेविकेने २०२० मध्ये, कोरोनाच्या भीतीने अलीगाट आणि दादर पाड्यांवरच्या बायामुलांनी येणं बंद केलं तेव्हा, कोळ्याची छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत पोषण आहार पोचवला. मुलांची वजनं केली, गरोदर बायांची तपासणी केली. नावाजलं गेलं तेव्हा देशभर नाव झालं. होडीतली बाई म्हणाली, "तिचे हात दुखायचे. ते कुणी छापलं नाही." नंतर आम्ही आठवून पाहिलं, छापलं होतं. पण बाईच्या म्हणण्याचा रोख वेगळा होता.

ज्या पाड्यावर उतरलो त्याचं नाव यजमानांच्या इच्छेवरून इथे लिहीत नाही. उतरल्यावर पायवाट सरळ अंगावर येणारी. पाण्याच्या कडेला मक्याचं कापलेलं शेत आणि त्यात राखणीचा माळा. चार खांबांवर बांबूचा तट्ट्या, वर पळसाच्या पानांचं छप्पर. पाणी चढलेलं असल्यामुळे माळ्याचे पुढचे दोन खांब पाण्यात होते. आमच्यातल्या एकाने तेवढ्यात मोबाइल काढून फोटो घेतला. फोटोत तो माळा अगदी ब्रुनेईतल्यासारखा आला आहे. खाली पीक होतं म्हणून वर माळा होता. आता खाली पाणी आहे आणि माळा मोडायचं कुणाच्या जिवावर आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घर वर होतं. यजमान साठी ओलांडलेले, आम्ही त्यांना बाबा म्हणत होतो. सागाच्या खांबांचं घर, कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या, वर देशी कौलं, एका बाजूला गुरं, दुसऱ्या बाजूला बांबूची कणगी. आत शिरताना आम्ही तिघंही वाकलो आणि तरी सरांचं डोकं आडव्याला लागलं. बाबा हसले. म्हणाले, घर आधी असं बुटकं नव्हतं.

मग त्यांनी खांबांची हकिकत सांगितली. सगळ्या प्रवासात आमच्या मनात तेवढीच घर करून राहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इकडे घर म्हणजे खांब. भिंती दरवर्षी नव्याने लिंपायच्या असतात, कौलं फुटतात, बांबू किडतो. पण साग टिकतो. बाबांच्या घराला सोळा खांब आहेत आणि ते त्यांच्या आजोबांनी कापून आणलेले. पहिलं घर नदीकाठी, गाळाच्या जमिनीच्या वरच्या अंगाला होतं. पाणी आलं तेव्हा कौलं उतरवली, भिंती सोडून दिल्या, खांब उपटले आणि खांद्यावर घालून वर आणले. जमिनीत गाडलेला हातभर भाग कुजलेला असतो. तो कापून टाकायचा आणि उरलेला खांब नव्या खड्ड्यात पुरायचा. म्हणजे हातभर कापलेला आणि पुन्हा हातभर पुरलेला. बाबांनी तीनदा घर हलवलं. आजोबांच्या घरात उभ्या माणसाने हात वर केला तरी आढ्याला लागत नव्हता. आता नातू शाळेतून येतो तोही वाकून आत शिरतो. "अजून एकदा हलवलं तर बसूनच राहावं लागेल," बाबा म्हणाले आणि मनापासून हसले. आम्हाला हसावं की नाही ते कळेना.

घर कोणकोणत्या साली हलवलं, ते त्यांना सांगता आलं नाही. धरणाची उंची मात्र त्यांना पाठ होती. "पंच्याऐंशीला पहिलं. एकशे एकवीसला दुसरं. दरवाजे लावले तेव्हा तिसरं." आम्ही नंतर पडताळून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ८५ मीटरला परवानगी दिली ती १९९९ मध्ये. शेजारच्या डोमखेडीत लोक गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले, ते त्याच वर्षी. ऑक्टोबर २००० मध्ये निकाल लागून पुढचं बांधकाम मोकळं झालं. धरण १२१.९२ मीटरवर पोचलं २००६ साली. दरवाजे बंद झाले १७ जून २०१७ रोजी आणि १३८.६८ मीटरपर्यंत तलाव पहिल्यांदा तुडुंब भरला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. आपण लेकराबाळांचे जन्म दुष्काळाच्या, प्लेगच्या, दंगलीच्या सालावरून सांगत आलो. बाबांच्या घरात ते मीटरवर सांगतात. धाकटी मुलगी एकशे दहाची आहे.

आमच्यातल्या बाईमाणसाला चुलीपाशी जे ऐकायला मिळालं ते पुरुषांच्या गप्पांत आलं नव्हतं. नदीकाठी पूर्वी गाळाच्या मळईत टरबुजं, काकड्या होत. त्यासाठी बी सोडून काही खर्च नसे. काठावर झिरे होते, त्यांचं पाणी वाळूतून गाळून आलेलं असे. ते झिरे बुडाले. आता खाली डोळे पोचणार नाहीत इतकं पाणी आणि प्यायचं पाणी आणायला मात्र सून वर डोंगरात चढते, दिवसातून तीनदा. उन्हाळ्यात तलाव उतरतो तेव्हा उघडा पडतो तो चिखल, त्यात गुरं रुततात. शेजारच्या सोंडेवर तिचं माहेर. पूर्वी नाला ओलांडला की दहा मिनिटांत पोचत असे, हाक मारली तर ऐकू जाई. आता नाल्यात पाणी आहे, होडी मिळेल तेव्हा जायचं. "हाक अजून जाते," ती म्हणाली, "पाण्यावरून जास्तच जाते. माणूस जात नाही."

जेवणाची वेळ झाली तसे बाबा उठले आणि कोंबडी धरायला निघाले. धडगावच्या बाजारात व्यवहार असल्यामुळे त्यांना आपली रीत ठाऊक होती. सुरी सरांच्या हातात देऊन म्हणाले, "तुम्हीच कापा, तुमचं नाव घेऊन." शहरात आपण कुणाकडे जेवायला गेलो, की किती प्रश्न, किती शंका, किती सारवासारव होते, ते वाचकांना माहीत आहे. इथे एका वाक्यात निकाल. पण अंगणात कोंबड्या होत्या मोजून चार. आम्ही सरांकडे पाहिलं, सरांनी सुरी परत दिली आणि म्हणाले, "बाबा, मासा असेल तर तोच करा. त्याला आमच्यात सुरी लागत नाही." बाबांना ते फारच पटलं. मासा होता. मक्याची भाकरी, मासा, वर आमचूर आणि आम्ही नेलेलं मीठ.

जेवण झाल्यावर नमाजची वेळ झाली. वजूला पाणी हवं होतं. सुनेने डोंगरावरून आणलेल्या हंड्यातलं घ्यायला जीव धजेना. आम्ही खाली उतरून तलावाच्या पाण्याने वजू केला. वर येऊन किब्ला कुठे याचा विचार केला. तो अवघड नव्हता. नर्मदा पश्चिमेला वाहते, सूर्य उतरत होता, तीच दिशा. बाबा बाजेवर बसून पाहत होते. नमाज झाल्यावर म्हणाले, "तुम्ही धरणाकडे तोंड करून बसलात." खरंच होतं. त्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, धरण आहे. धरणाच्या खाली २०१८ पासून १८२ मीटर उंच सरदार पटेलांचा पुतळा आहे, हॉटेलं आहेत, पाण्यावर फिरवणाऱ्या बोटी आहेत. आपल्या ओळखीतलेही पुष्कळ जण तिकडे जाऊन आले आहेत. सरांनी त्यांना समजावलं, की आम्ही धरणाकडे नाही, त्याच्याही पार, समुद्रापलीकडे मक्केकडे तोंड करतो. बाबांनी मान डोलावली. मधे धरण येतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यावरून हजरत नूह यांची गोष्ट निघाली. सर मास्तर माणूस, गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुफान आलं, नूह अलैहिस्सलाम यांनी मुलाला जहाजात ये म्हणून हाक मारली, मुलगा म्हणाला, मी डोंगरावर चढून वाचेन, आणि दोघांच्या मधे लाट आली. पाणी ओसरल्यावर जहाज जूदी पहाडावर टेकलं. लहानपणापासून आम्ही ही गोष्ट ऐकत आलो. डोंगरावर भिस्त ठेवणारा बुडतो, हा तिचा धडा आमच्या मनात पक्का होता. बाबांनी पुरी ऐकून घेतली. मग मोडक्या मराठीत म्हणाले, "आम्ही तर डोंगरावर चढलो म्हणून वाचलो. पण ते पाणी तुमच्या देवाचं होतं ना? हे माणसाचं आहे. याची गोष्ट वेगळी पाहिजे." सरांनी यावर काही उत्तर दिलं नाही. आमच्याकडेही नव्हतं आणि अजूनही नाही. पुढे एकदा एका आलिमांशी हा विषय काढला. ते म्हणाले, हुकूम कुणाचा आहे ते पाहावं लागतं. त्यांचं उत्तर बाबांच्या म्हणण्यापासून फार लांब होतं, असं आम्हाला वाटलं नाही.

निघायच्या आधी बाबांनी आढ्याला टांगलेली एक प्लास्टिकची पिशवी उतरवली. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक, आणि आत कागद. तिन्ही वेळा घर हलवताना खांबांच्या आधी ही पिशवी वर गेली होती. नोटिसा, पंचनामे, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, वनहक्काच्या दाव्याची पोच. अक्राणीतली ७३ गावं वर्षानुवर्षं वनगावं होती. महसुली दफ्तरात ती नव्हती, म्हणून सातबारा नाही, आणि सातबारा नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस अतिक्रमणदार. लवादाने जमिनीला जमीन म्हटलं होतं. पण बुडालेली जमीन तुझी होती हे दाखव, असा प्रश्न आला की हात रिकामे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर थोडी वाट उघडली, पण तोवर पुष्कळ जमिनी पाण्याखाली होत्या. बाबांच्या कागदांत त्यांचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. एका नोटिशीत वडलांचं नाव त्यांचं म्हणून आणि त्यांचं वडलांचं म्हणून. त्या हिशेबाने बाबा स्वतःचे वडील ठरत होते. या एका उलटापालटीपायी त्यांचं प्रकरण किती वर्षं फिरलं, ते सांगताना ते पहिल्यांदा चिडले.

ते कागद हातात घेऊन आम्ही बराच वेळ बसलो. तलाव पहिल्यांदा तुडुंब भरला ते २०१९ साल. त्याच सालच्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात घरोघरी पेट्या उपसल्या जात होत्या. दाखल्यावर शेख, आधारवर शैख. अम्मीचं नाव माहेरच्या दाखल्यात एक, निकाहनाम्यात दुसरं. आजोबांचा जन्म कुठे नोंदलाय का, घराची खरेदी कुणाच्या नावे आहे. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगा, लॅमिनेशनवाल्याला उसंत नाही. आम्ही तेव्हा आमचं दुःख जगावेगळं समजत होतो. बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग तुमचं नाव यादीत आलं का?" आम्ही म्हटलं, यादी अजून झालेली नाही. "होईल तेव्हा खांब आधी काढू नका," ते म्हणाले. "आधी कागद."

त्यांची एक इच्छा होती. कागद जुने झालेत, घड्यांवर फाटतायत, शहरात त्यांचं काही करता येईल का? मूळ कागद कुणाच्या हाती द्यायला ते वीस वर्षं तयार नव्हते. त्या दिवशी त्यांनी ते सरांच्या हाती दिले. तडवी आडनावामुळे दिले, की कोंबडी वाचली म्हणून, सांगता येत नाही.

शहाद्याला आम्ही सगळे कागद स्कॅन केले, मुळांना लॅमिनेशन केलं, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती काढल्या आणि नावातल्या फरकांबद्दल करायच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा एका वकील मित्राकडून लिहून घेतला. त्याने फी घेतली नाही. सगळं नव्या पिशवीत घालून धडगावच्या चाचांकडे दिलं आणि त्यांनी पुढच्या बाजारी ते होडीवाल्याच्या हाती सोपवलं. पोचल्याचा निरोप यायला तीन आठवडे लागले. निरोपाबरोबर किलोभर आमचूर आला, आणि एक तक्रार : लॅमिनेशन केलेले कागद आता घडी घालता येत नाहीत, जुन्या पिशवीत मावत नाहीत, एखादी पत्र्याची पेटी पाठवता येईल का. पेटी चाचांच्याच दुकानात होती. कडी-कोयंड्याची, निळ्या रंगाची. चाचांनी ती आमच्या नावे वहीत लिहून ठेवली आहे.